एकशे तीन

पोलादपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तुळसाच्या तोंडातलं थर्मामीटर काढून पाहिलं आणि ते तिच्या सासूकडे, धोंडूबाईकडे वळले.
"एकशे तीन! मावशी, सुनेचं वजन आधी उतरवा. लठ्ठ माणसाला आजार जड जातो, लवकर आवरत नाही. खायला काय घालता एवढं?"
धोंडूबाई ओशाळली नाही. उलट पदर सावरून ताठ बसली.
"नाचणीची भाकरी नि म्हशीचं दूध. लगीन होऊन आली तवा हिला न्युमोनिया झालेला, पन अंग थंडगार. तवाचे डाक्तर म्हनाले, पोरीच्या अंगात ताप यायलाबी बळ नाय."
तिनं सुनेच्या कपाळावर हात ठेवला.
"आन् आज बगा, कसा सणकून भरलाय!"