उजवीकडचं पदक

संचलनाला निघालेल्या बाबांच्या कोटावर शांतिसेनेचं पदक उजवीकडे लावलेलं पाहून मला हसूच आलं.

"बाबा, उभं आयुष्य फौजेत काढलंत आणि एवढंही विसरलात? स्वतःचं पदक डावीकडे लावायचं. उजवीकडे लावतात ते गेलेल्या माणसाचं, त्याच्या घरच्यांनी."

"मी नाही, तुझ्या आईनं लावलंय." ते आरशासमोर तसेच उभे राहिले. पदक काढायला हात काही वर गेला नाही.

आई खाली बसून त्यांच्या बुटांना पॉलिश करत होती. मान वर न करता म्हणाली, "बरोबरच लावलंय. तिकडे शाळा जळत होती आणि माझा नवरा बंदूक घेऊन, हुकमाची वाट बघत फाटकाशी उभा होता. तो काही परत आला नाही."