दांडी धरणारा हात

दर्शनाने फोटो मोठा केला आणि बोटं मोजली. पाच. पुन्हा मोजली. पाचच.

लोअर परळच्या त्या ऑफिसात कोळशाच्या खाणींचे पर्यावरण अहवाल तयार होत. खाण तिकडे चंद्रपूरकडे उन्हात, कागद इकडे एसीत. दर सहा महिन्यांनी खाणवाल्यांनी फोटो पाठवायचे, दर्शनाने तपासून खाली सही करायची आणि हितेंद्र सरांनी ते सरकारी पोर्टलवर चढवायचे. आज शेवटचा दिवस होता. मुदत संध्याकाळी सहापर्यंत.

फोटो चराचा होता. खाणीतून काढलेल्या माती-दगडाचा ढिगारा, ढिगारा कसला, डोंगरच तो, पावसात ओघळतो. ती माती पायथ्याच्या चराने अडवायची. चर गाळाने भरलेला असला तर ती सरळ खालच्या वस्तीत शिरते. म्हणून पावसाळ्याआधी चर उपसायचा, आणि उपसल्याचा पुरावा म्हणून त्यात लाल-पांढऱ्या पट्ट्यांची दांडी उभी करून फोटो काढायचा. शेजारी तारखेची पाटी. पाटीवर मे महिन्याची पंचवीस तारीख होती, दांडीचे चार पट्टे चरात गेले होते. सगळं कसं ठाकठीक.

फक्त दांडी धरणारा हात खाणीवरच्या मजूर कोंडीरामचा होता. मनगटावरच्या विंचवाच्या गोंदणावरून तिने तो ओळखला. आणि कोंडीरामच्या उजव्या हाताची दोन बोटं डिसेंबरात खाणीतल्या कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यात सापडून तुटली होती. जानेवारीत ती पाहणीला गेली तेव्हा त्याने तिला चहा डाव्या हाताने दिला होता, वर त्याबद्दल माफीही मागितली होती. "कामावरून काढलं नाही ताई, दांडी धराले ठेवलं," असं अगदी खूश होऊन सांगितलं होतं.

नक्कल करायलाही अक्कल लागते. खाणवाल्यांनी गेल्या वर्षीचा फोटो शोधला, पाटीवरची तारीख कॉम्प्युटरवर बदलली आणि माणसाची बोटं गेल्याचं साफ विसरून गेले.

तिने जिन्यात जाऊन कोंडीरामला फोन लावला.

"नाली?" तो म्हणाला. "यंदा कोनं हातच नाही लावला ताई. पुरी भरून हाय. आमची घरं तिच्याच खाली. पोरं झोपतेत, आमाले झोप नाही."

"आत्ताचा एक फोटो पाठवाल?"

तो "पाठवतो" म्हणाला. दहा मिनिटांत फोटो आला. एका हाताने मोबाइल धरलेला, दुसऱ्या हाताने दांडी. दांडीचा पहिला पट्टासुद्धा पुरता बुडला नव्हता. दांडीवर अंगठ्यासकट तीनच बोटं आणि मनगटावर तोच विंचू. मागोमाग मेसेज आला: "ताई माहा हात कोनाले दाखवू नका. हात पाह्यला का समजते फोटो कोनं पाठवला. काम जाईन."

दर्शनाने मेसेज पुन्हा वाचला. हात काढून टाकला तर तो फोटो कुठल्याही चराचा आणि कुठल्याही वर्षाचा ठरणार. हात ठेवला तर कोंडीराम उघडा पडणार. आणि मुकाट्याने सही केली तर? विदर्भात परवापासून वादळी पाऊस सांगितला होता. ती बातमी तिने सकाळपासून तीनदा वाचली होती.

"दर्शना, साडेचार झाले." हितेंद्र सर टेबलाशी येऊन उभे राहिले. "आटप ना जरा."

"सर, चर उपसलेलाच नाहीये."

"कोणी सांगितलं?"

मोबाइल तिच्या मुठीत होता. नुसता पुढे केला असता तरी काम झालं असतं. तिने तो टेबलावर पालथा ठेवला.

"कोणी नाही. तुम्ही या फोटोतली बोटं मोजा," ती म्हणाली आणि गेल्या सहामाहीतला अपघाताचा कागद शेजारी ठेवला. "आणि हे वाचा. मनगटावर विंचू गोंदलेला हा तोच माणूस."

सरांनी ओठ हलवत मोजली. मग कागद वाचला. त्यांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता, आणि घाबरट माणूस कधीकधी कामाला येतो. त्यांनी तिथूनच खाणीच्या मॅनेजरला फोन लावला, स्पीकरवर.

"साहेब, दांडी धरणाऱ्याची दोन बोटं डिसेंबरातच गेलीत आणि तुमच्या चराच्या फोटोत पाचही आहेत. हा चढवला तर तुम्हीपण अडकाल, आम्हीपण. आत्ताच्या आत्ता मशीन लावा, चर उपसा, खरा फोटो पाठवा. मी दोन दिवस मागून घेतो."

तिकडून थोडी कुरकुर झाली. मग "लावतो" असं आलं. दर्शनाचा जीव भांड्यात पडला.

"आणि एक," सर म्हणाले. "दांडी धरायला दुसरा कोणी घ्या. धड हाताचा. म्हणजे पुन्हा हा घोळ नको."

"खरंय तुमचं," मॅनेजर म्हणाला. "उद्यापासून त्याचं कामच बंद करतो. तसंही दांडी धरण्यापलीकडे तो करतो काय?"

फोन बंद झाला.

"सर, त्याची काय चूक यात?" दर्शनाचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"कोणाची?" सरांनी विचारलं. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. ते केबिनकडे वळलेसुद्धा.

टेबलावरचा मोबाइल थरथरला. कोंडीराम होता.

"ताई मशीन येऊन राह्यली म्हनते. लय उपकार झाले. माहा हात तर नाही ना दाखवला?"

दर्शनाने 'नाही' लिहिलं, पण पाठवलं नाही. समोर स्क्रीनवर पाच बोटांनी दांडी घट्ट धरून ठेवली होती.