लाल काठ

लिफ्ट खाली पोचली, दार उघडलं, आणि समोर चौथ्या मजल्यावरच्या तानिगुचीबाई. हातात दुकानाची पिशवी, पिशवीत एका माणसाचं तयार जेवण.

त्यांनी अपूर्वाकडे पाहिलं. काळी चंद्रकळा, वर काळा कोट, हातात कापडात बांधलेला डबा. मग त्या कमरेत वाकल्या, इतक्या खाली की पिशवी जमिनीला टेकली.

"आलात. फार आभार," त्या म्हणाल्या. "ते गेले त्याला आज आठ दिवस झाले."

अपूर्वाला यातलं काहीच माहीत नव्हतं. पुण्यात जपानीच्या दोन परीक्षा दिल्यामुळे बोलणं तिला जमायचं. वाचायची वेळ आली की डोळ्यांपुढे मुंग्या चालायच्या. आठवडाभर खालच्या फलकावर काळ्या चौकटीतला एक कागद होता. पाण्याची टाकी धुणार असतील, असं नवऱ्याला, विश्वजितला, तिनेच ठणकावून सांगितलं होतं.

आज ग्योतोकु उपनगरातल्या मराठी बायकांचं हळदीकुंकू होतं आणि अपूर्वाची लग्नानंतरची पहिली संक्रांत. हलव्याचे दागिने पर्समध्ये होते. हॉलवर पोचली की सुरुचीताई ते तिला घालणार होत्या. अख्ख्या वर्षात एकदाच काळं कौतुकाने नेसायचं, आणि नेमकं त्याच दिवशी सुतकाच्या घरचं बोलावणं! सासूबाईंना कळलं तर त्या फोनवरूनच दृष्ट काढतील.

'मी दुसरीकडे निघालेय,' एवढंच सांगायचं होतं. वाक्य सोपं होतं, पहिल्या परीक्षेतलं. पण ते तोंडातून निघेना. तानिगुचीबाई लिफ्टचं दार हाताने धरून तिच्यासाठी उभ्या होत्या.

ती त्यांच्यासोबत परत वर गेली.

"जरा बसा हं," असं म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या. कपाटाचं दार सरकल्याचा आवाज आला. अपूर्वा चटईवर पाय दुमडून बसली. साडीचा लाल काठ तिने पायांखाली सरकवला, आणि हिरव्या बांगड्या एकेक करून कोटाच्या बाहीत वर ढकलल्या. तिला अगदी चोरासारखं वाटत होतं.

समोर पांढऱ्या कापडात बांधलेला अस्थींचा कलश होता आणि बाईंच्या यजमानांचा, तानिगुचीसानांचा फोटो. फोटोतही कपाळाला आठी. हा माणूस म्हणजे इमारतीचा कचरा-इन्स्पेक्टर. चुकीच्या दिवशी टाकलेली पिशवी संध्याकाळी बरोबर दारात परत यायची. सोबत चिठ्ठी. अपूर्वाच्या चिठ्ठीत मात्र अक्षरं नसायची, चित्रं असायची: बाटली इकडे, झाकण तिकडे.

तानिगुचीबाई बाहेर आल्या तेव्हा अंगातला तपकिरी स्वेटर गेला होता. दुखवट्याचा, मनगटापर्यंत बाह्यांचा काळा पोशाख, गळ्यात मोत्यांचा एकच सर, केस नव्याने विंचरलेले. त्या समोर बसल्या आणि पुन्हा वाकल्या.

"कोणी भेटायला येऊ नये, असं आम्हीच कळवलं होतं," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "कोणीही आलं नाही. आपल्या इमारतीतली माणसं फार शिस्तीची."

"मुलगा?"

"तिसऱ्या दिवशी परत गेला. ऑफिस होतं त्याचं."

अपूर्वाने उदबत्ती लावली. लहानशी घंटा वाजवून हात जोडले. डबा तसाच मांडीवर होता. सणाचं गोड मेलेल्या माणसापुढे ठेवतात का? मग तिला आठवलं, बाबा आजोबांच्या नावाने पाणी सोडतात तेव्हा त्यातही तीळच असतात. तिने गाठ सोडली आणि दोन लाडू फोटोपुढे ठेवले.

पर्समध्ये फोन घुरघुरत होता. तिने हात घालून बघितलं. सुरुचीताईंचा मेसेज होता: 'कुठे आहेस गं? सगळ्या खोळंबल्यात.' तिने फोन बंद केला.

"ते तुमच्याबद्दल बोलायचे," तानिगुचीबाई चहा ओतत म्हणाल्या. "म्हणायचे, सहाव्या मजल्यावरची मुलगी हल्ली झाकणं वेगळी टाकते."

अपूर्वाला हसू आलं, आणि हसता हसताच डोळे भरले. सहा महिने तिने आणि विश्वजितने या माणसाला नावं ठेवली होती, रोज रात्री जेवताना. तानिगुचीबाईंनी कागदी रुमालांचा खोका पुढे सरकवला आणि मग त्यातला एक स्वतःही घेतला. चहा निवला, तो ओतून देऊन बाईंनी दुसरा केला.

तासाभराने अपूर्वा उठली. दाराशी बूट घालायला वाकली, तशा बाहीतल्या बांगड्या घसरून मनगटावर आल्या आणि खळकन वाजल्या. ती तशीच वाकून राहिली. वर बघायची हिंमत होईना.

"वाजू द्या," तानिगुचीबाई म्हणाल्या. "सण आहे ना तुमचा? निघा आता. माझ्यामुळे उशीर झाला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"लाल काठ मी खालीच पाहिला होता." त्यांनी आपली काळी बाही मनगटापर्यंत नीट ओढून घेतली. "पण हे कपडे एकटीने घालून बसता येत नाहीत."