मेणात न बुडवलेला पिकअप

कॉलेजात मला गिटारचा आवाज कान फाडणारा हवा असायचा. चाळिशीत साधा, गोड आवाज आवडायला लागला. बाबा जळलेल्या विजेच्या मोटारी रिवाइंड करायचे. त्यांच्याच मशीनवर तार गुंडाळून मी गिटारचा आवाज अँपच्या स्पीकरकडे पोचवणारा पिकअप बनवला. मेणात बुडवायचा मात्र विसरलो. असा पिकअप खोलीतलं बोलणंही पकडतो.

रविवारी सकाळी रहाटणीच्या घरी तो गिटारला लावला. अँपमधून बायकोचा आवाज आला, "अहो, चहा घ्या."

मिनल तर खाली दूध आणायला गेली होती.

दहा मिनिटांनी कप पुढे करत ती तेच म्हणाली. मी खूश. टोन झकास, चहाही.

"वाजवा ना," म्हणत ती शेजारी टेकली. मी तार छेडली.

मिनल गप्प बसून हसत होती. अँपमधून तिचाच आवाज आला, रडवेला.

"अहो, उठा ना. अहो!"