झाकणाचे स्क्रू

तिसऱ्यांदा दगडोबांचा कम्प्युटर बंद पडला तेव्हा दुरुस्तीला आलेल्या धम्मानंदनं आधी स्वतःच्या कपाळाला हात लावला आणि मग कॅबिनेटच्या झाकणाला.

झाकणाला एकच स्क्रू उरला होता. बसवले तेव्हा चार होते, हे त्याला पक्कं आठवत होतं. पहिल्या खेपेला तीन दिसले, दुसऱ्या खेपेला दोन. तेव्हा त्याला वाटलं होतं, घाईत आपल्याच हातून पडले असतील.

"काका, हे कोनी खोललं व्हतं का?"

दगडोबा चिडले. "आमच्या घरात कोन खोलनार? तुझी काकू त्याला पायसुद्धा लागू देत न्हाई कोनाचा."

हे खरंच होतं. त्यांची बायको द्वारकाबाई रोज सकाळी कम्प्युटर फडक्यानं पुसत आणि शुक्रवारी त्याला हळदीकुंकू वाहत. धम्मानंदला आत वायरींवरही कुंकू सापडलं होतं. जाळीतून उडालं असेल, म्हणून त्यानं ब्रशनं झाडून टाकलं होतं.

एवढी पूजा होण्याचं कारण त्यांच्या लेकीची, पुनमची नोकरी. पुण्याच्या एका कंपनीत विम्याची कागदपत्रं तपासायची. दगडोबांची अट एकच, काम घरी बसून करायचं आणि पुसेगाव सोडायचं नाही. कंपनी तयार झाली, पण तिचं सॉफ्टवेअर पुनमच्या कम्प्युटरवर चालेना. तो ती नववीत असताना घेतलेला. नवाच घ्या, असं धम्मानंद परोपरीनं सांगत होता. दगडोबांनी ऐकलं नाही. डबा चांगला ठणठणीत आहे, आतलं काय ते बदल, म्हणाले.

मग धम्मानंद सेनगावच्या आपल्या दुकानातून नवा मदरबोर्ड आणि प्रोसेसर घेऊन आला. बरोबर त्याला चालणारी रॅमही आणली. द्वारकाबाई शिलाई मशीन बाजूला सारून चहाचा कप घेऊन शेजारीच बसल्या. ही पांढरी पेस्ट कशाला, ही वायर कुठं जाते, एकेक विचारत राहिल्या. धम्मानंदनंही हौसेनं सांगितलं. सेनगावात कोणी एवढं विचारत नाही.

"लेकरू डोळ्यांपुढं राहील, लई बरं झालं," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पेढे वाटायची कल्पनाही त्यांचीच. गावात, भावकीत, थेट हिंगोलीच्या पाहुण्यांपर्यंत पेढे गेले. एरवी हात आखडणारे दगडोबाही फुलून गेले होते. लेक पुण्याच्या कंपनीत आहे, हे ते आता दूध घालायला जातानासुद्धा सांगत.

आणि चौथ्या दिवशी कम्प्युटर बंद पडला.

पहिल्यांदा रॅम ढिली निघाली. दुसऱ्यांदा पंख्याची वायर सुटलेली. आज प्रोसेसरला वीज देणारी वायर निम्मी बाहेर आली होती. धम्मानंदनं ती दाबून बसवली आणि कम्प्युटर लगेच सुरू झाला. त्याला आनंद व्हायच्या ऐवजी भीतीच वाटली. बिघाड सापडावा आणि कारण सापडू नये, असं त्याच्या दुकानात कधी झालं नव्हतं.

"उंदीर असतील," दगडोबा म्हणाले.

"उंदीर कुरतडतो काका, स्क्रू न्हाई काढत."

"मंग काहून बंद पडून राहिलंय?"

धम्मानंदनं जवळचे तीन नवे स्क्रू लावले आणि या खेपेचे पैसे न घेताच निघून गेला.

पण उशीर झाला होता. त्याच दुपारी कंपनीतून फोन आला. एवढे दिवस काम खोळंबलेलं चालणार नाही. सोमवारपासून ऑफिसात यावं, मुलींच्या वसतिगृहात राहायची सोय होईल. नाहीतर दुसरी मुलगी घेऊ.

पुनम रडली. तिला नोकरी हवी होती आणि वडिलांपुढे बोलायची हिंमत नव्हती. दगडोबा दोन दिवस दूध घालायलासुद्धा गेले नाहीत. सगळ्या भावकीत पेढे गेलेले, आता नोकरी सुटली म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं?

तिसऱ्या दिवशी द्वारकाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "नका धाडू पोरीला. आपल्या घरातली बाई कधी गेली का अशी एकटी?"

बायकोनं नको म्हटलं की हो म्हणायचं, ही दगडोबांची लग्नापासूनची खोड.

"तुला काय कळतं त्यातलं? जाईल ती," ते म्हणाले. "मी सोता सोडून येतो."

शनिवारी सकाळी हिंगोलीच्या बसपाशी द्वारकाबाईंनी एवढं रडून घेतलं, की आजूबाजूच्या बायकाच त्यांची समजूत घालू लागल्या. बस हलता हलता त्यांनी कमरेचा बटवा काढून खिडकीतून पुनमच्या हातात कोंबला. सुटे पैसे आहेत, जपून ठेव, म्हणाल्या.

बस गावाबाहेर पडली. दगडोबा पिशव्या पायात घेऊन बसले होते. "मला अजून उमगंना," ते म्हणाले. "एवढं नवं सामान टाकलं, तरी बंद पडलंच कसं? अन् तुझी माय तर त्याला देवासारखं पुसत व्हती."

पुनमलाही उमगत नव्हतं. तिला आईची आठवण येत होती. पोरगी एकटी कशी राहील, म्हणून रडणारी आई आता घरी एकटीच शिलाई मशीनवर बसली असेल. गावातल्या बायकांच्या बिघडलेल्या मशिनीही तीच खोलून दुरुस्त करायची.

कंडक्टर सुट्टे मागू लागला. पुनमनं बटव्याची दोरी सैल केली आणि आत बोटं घातली. नाण्यांच्या आधी हाताला लागला शिलाई मशीनचा छोटा पेचकस, आणि त्याच्याखाली, कुंकवानं माखलेले, तीन काळे स्क्रू.