जांभळ्या बटाट्यांची भाजी

सुंदराने ताट पुढे ठेवलं, पण सावळारामाचा हात काही मांडीवरून हलला नाही.

ताटात नाचणीची भाकरी होती, ठेचा होता आणि भाजी होती. भाजी जांभळी होती. नुसती साल नव्हे, फोडी पार आतपर्यंत जांभळ्या.

"हे काय?"

"बटाटे. आपल्या परड्यातले. आज पयले काढले."

कोनफळ आतून जांभळं असतं हे त्याला ठाऊक होतं. पण बटाटा? शहापूरच्या बाजारात त्याने बटाटे पाहिले होते, ते पिवळट होते. हे बियाणं सुंदराच्या भावाने, कमळूने आणून दिलं होतं. कमळू तानशाला साहेबाच्या बंगल्यावर माळीकाम करायचा. लढाईपायी भात सरकारात चाललं होतं, घरात दाणा पुरेना, म्हणून सुंदराने कार्तिकात घरामागे सऱ्या ओढल्या आणि विहिरीचं पाणी डोक्यावरून वाहून त्या जगवल्या. तेव्हा सावळारामाने तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

पाहिलं ते गेल्या आठवड्यात. शेळीने दावं तोडून त्या रोपांचा पाला ओरबाडला आणि दिवस मावळायच्या आत फेस गाळत आडवी झाली. ती पुन्हा उठली नाही. "पाला इखारी असतो, कमळूदादा बोलला व्हता. खायाचा तो कंद," असं सुंदरा म्हणाली होती. त्यातला 'इखारी' एवढाच शब्द सावळारामाच्या कानात राहिला.

एरवी राहिला नसता. पण पौषात तो शेजारच्या राघोला बरोबर घेऊन मुरबाडकडे जाऊन आला होता. सुंदराला मूल नव्हतं, आणि तिकडे भिमी नावाची एक पोरगी होती. सुपारी फुटली होती, वैशाखातलं लगीन ठरलं होतं. घरात मात्र त्याने यातला चकार शब्द काढला नव्हता. बैल बघायला गेलो होतो, असं सांगितलं होतं. तेव्हापासून सुंदरा काही विचारीत नव्हती. बैल कसा होता, हेसुद्धा तिने विचारलं नव्हतं.

आता ती चुलीपाशी बसली होती. रोजच्यासारखीच. की रोजच्यापेक्षा जरा जास्तच गप्प? सावळारामाने भाजीचा वास घेतला. लसूण, मिरची. दुसरा काही वास असला तर तो याखाली दबला असेल.

"जेवा ना," ती म्हणाली. "निवतंय."

"तू खा आधी."

सुंदराने वळून पाहिलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती, त्याच्या आधी तिच्या तोंडात कधी घास गेला नव्हता. तो कौतुकाने म्हणतोय की काय, असं तिला क्षणभर वाटलं असावं, कारण तिच्या ओठांवर हसू आलं होतं. मग तिने त्याचे डोळे पाहिले. ते तिच्याकडे नव्हते, ताटाकडे होते.

ती उठली. त्याच्या समोर मांडी घालून बसली, ताट आपल्याकडे ओढलं आणि जेवू लागली. घाई केली नाही. भाकरीचा तुकडा मोडायचा, त्यात फोड धरायची, चावून गिळायची. सावळाराम तिच्या ओठांकडे बघत होता, गळ्याकडे बघत होता. तिला ठसका लागला तसा तो गुडघ्यावर उठला. ती पाणी प्यायली आणि पुन्हा खाऊ लागली. टोपातली उरलेली भाजीही तिने ताटात ओतून घेतली. शेवटचा घास संपला तेव्हा तिची बोटं जांभळी झाली होती, आणि तिला काही झालेलं नव्हतं.

"मुरबाडला पोरगी बघून आलात ते मला संक्रांतीलाच कळलं," ती हात धुता धुता म्हणाली. "राघोभावजींच्या बायकोनं हळदीकुंकवाला सांगितलं. इख घालायचं असतं तर बटाटे पिकायची वाट बघत बसले असते का?"

"मी तसं कुठं बोललो?"

"तुमी कायच नाय बोललात. ना तेव्हा, ना आज."

तिने कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि परड्यात गेली. सावळाराम दारात येऊन उभा राहिला. ती एकेक सरी फोडत होती, मातीतून काळसर गोळे वर येत होते. ती ते पुसून पाटीत टाकत होती. मधे एकदा तिने कंबरेवर हात ठेवून श्वास घेतला. तेव्हा त्याला काहीतरी बोलता आलं असतं. 

"माज्या भावाचं बियाणं, माजं पानी," पाटी डोक्यावर घेताना ती म्हणाली. "हे नेते. घर तुमचं, ते तुमाला ऱ्हाऊ द्या."

तानशाच्या वाटेला ती लागली. उन्हात बांधावरून जाताना दिसली, पळसापाशी वळली, मग दिसली नाही. पंचांनी दोनदा निरोप धाडला, पण ती आली नाही.

वैशाखात लगीन झालं. भिमी हसरी होती, कामाला चपळ होती. लग्नाचे पाहुणे पांगले त्या दिवशी तिने पहिल्यांदा एकटीने स्वयंपाक केला. लग्नातून उरलेल्या तांदळाचा पांढरा वाफाळता भात, त्यावर तुरीची आमटी. ताट ठेवून ती दाराआड उभी राहिली.

सावळारामाने वाकून आमटीचा वास घेतला.

"तू जेवलीस का गो?" त्याने विचारलं.

नवरा आपली विचारपूस करतोय, असं भिमीला वाटलं. पदर तोंडाशी धरून, लाजत तिने नकारार्थी मान हलवली.