सत्तर मुलींचा स्वयंपाक

"माझा जबाब मला बघायचाय," सरजाबाई म्हणाली. पिंगळीहून सकाळच्या गाडीनं ती आली होती आणि कचेरीचं दार उघडायच्या आधीपासून उभी होती.

नक्कल विभागाच्या खिडकीमागं बसलेल्या व्यंकटरावांनी मान वर केली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत लोकांनी त्यांच्याकडं जमिनीच्या नकला मागितल्या होत्या, जन्माच्या, वारसाच्या. स्वतःचं बोलणं परत मागायला कोणी आलं नव्हतं. त्यांना गंमत वाटली.

"कोणत्या प्रकरणातला?"

"वसतिगृहाच्या. आबासाहेबांच्या."

गंमत गेली. आबासाहेब म्हणजे मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष. चिठ्ठी न पाठवता कलेक्टर साहेबांच्या खोलीत शिरणारा हा एकच माणूस. एका मुलीनं त्यांच्यावर आरोप केला, सरकारनं चौकशी लावली आणि 'तक्रारीत तथ्य नाही' असा अहवाल महिन्यापूर्वी आला, एवढं सगळ्या कचेरीला ठाऊक होतं. आत काय आहे ते मात्र कोणी वाचलं नव्हतं. अहवाल गोपनीय होता.

"ती मुलगी कोण तुमची?"

"लेक हाय. कुसुम. मी तिथंच सयपाकाला व्हते. हापिसातून तिचा आवाज आला म्हणून मीच कवाड ढकललं. जे बघितलं ते चौकशीच्या साहेबाला सांगितलं, त्येचं नाव घेऊन. आन् आता हेडमास्तर म्हणायलेत, पोरगी खोटी निघाली, शाळेत घेत न्हाई. मॅट्रिकचा फारम भरायला आठ दिस ऱ्हायलेत. मी सांगितलेलं कुटं गेलं, ते बघायचंय."

व्यंकटरावांनी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण जबाब देणाऱ्याला स्वतःच्या जबाबाची नक्कल मिळते की नाही, हे त्यांना खरंच आठवेना. बघायला काय जातंय, असं म्हणत त्यांनी कपाटातून त्या प्रकरणाच्या कागदांचं लाल बासन काढलं. खरं सांगायचं तर त्यांनाही बघायचं होतं.

जबाब लहान होता. त्यांनी हलक्या आवाजात वाचला. "मी सकाळी अकरा ते एक दळण घेऊन गिरणीवर गेले होते. वसतिगृहात काय झाले ते मला माहीत नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. वरील जबाब मला वाचून दाखविला, तो बरोबर आहे." खाली अंगठा.

"हे म्या न्हाई सांगितलं," सरजाबाई म्हणाली.

"वाचून दाखविला, असं लिहिलंय."

"आज पयल्यांदा ऐकायलेय. कारकून म्हणला, जीप निघायलीय, अंगठा लाव लौकर."

व्यंकटरावांना शरम वाटली. तहसिलात असताना ती ओळ त्यांनीही शेकडो जबाबांखाली लिहिली होती. बहुतेक वेळा कोऱ्या कागदावर, साक्षीदार बोलायच्या आधीच, तेवढाच वेळ वाचतो म्हणून.

त्यांनी पान उलटलं. स्वयंपाकाच्या दुसऱ्या बाईचा, लक्ष्मीबाईचा जबाब होता. तीही अकरा ते एक दळण घेऊन गिरणीवर. पुढं धुरपताबाईचा. तीही तिथंच. शब्दाला शब्द तोच. व्यंकटराव खुर्ची ओढून नीट बसले.

"स्वयंपाकाला किती बायका तुम्ही?"

"तिघीच."

शेवटचा जबाब वसतिगृहाच्या अधीक्षकांचा. त्या दिवशी बरोबर बारा वाजता सत्तर मुलींना तव्यावरची गरम भाकरी आणि वरण वाढले, सर्व काही सुरळीत होते, असं त्यांनी ठासून सांगितलं होतं.

सरजाबाईनं तेवढं परत वाचायला लावलं. मग शांतपणे विचारलं, "आमी तिघी बी गिरणीवर, मग सत्तर पोरींचा सयपाक कुनी केला?"

व्यंकटरावांनी अहवालाखालच्या सह्या मोजल्या. सहा होत्या, त्यातल्या दोन तर थेट मुंबईच्या. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांना हा प्रश्न पडला नव्हता. किंवा पडला असेल आणि त्यांनी तो गिळला असेल.

निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. घरी दोन लग्नाच्या मुली होत्या. व्यंकटरावांनी दोनदा बासन बांधलं आणि दोनदा सोडलं. मग खणातून छापील अर्ज काढला.

नक्कल द्यायची की नाही हे साहेबांच्या हातात होतं. पण अर्ज एकदा आवक नोंदवहीत चढला की नाही म्हणायचं तरी लेखी म्हणावं लागायचं, आणि तेही अर्जात मांडलेल्या कारणाचा उल्लेख करून. व्यंकटराव मोठ्यानं म्हणत एकेक रकाना भरू लागले. नाव, गाव, प्रकरण, सन १९७४. शेवटचा रकाना होता, नक्कल कशासाठी हवी. लोक तिथं 'कोर्टकामी' एवढंच लिहायचे. व्यंकटरावांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'घटनेच्या दिवशी तिन्ही स्वयंपाकिणी गिरणीवर असताना सत्तर मुलींचा स्वयंपाक कोणी केला, हे कळण्यासाठी.'

सरजाबाईनं मान डोलावली आणि अंगठा लावला. व्यंकटरावांनी अर्ज लगेच आवक नोंदवहीत चढवला.

शिपाई भुजंग अर्ज न्यायला आला. जाता जाता त्यानं ती ओळ वाचली आणि दारातच थबकला.

"खरंच की, रावसाहेब. कुनी केला आसंल?"

"ते आता साहेबांनी लिहून द्यायचं," व्यंकटराव म्हणाले, आणि त्यांनी खिडकीतून अर्जाची पोच सरजाबाईच्या हातात दिली.